कागदाच्या मागे लिहिलेलं नाव

भिंगार,
दि. १८ जून १९७२

ती. दादास मुक्ताचा वाकून नमस्कार.

तू म्हणशील, वर्षभर दोन ओळी नाहीत आणि आज एकदम एवढा मोठा लखोटा. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक चित्र ठेवलंय, ते जपून काढ. पोस्टमनने वाकवलं असलं तर कळव, मी इथून त्याला शिव्या घालीन.

आता पहिल्यापासून सांगते. यांच्या डेपोतले एक मेजरसाहेब आहेत. त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला बाईंनी मला बोलावलं होतं, पुरणपोळ्या करायला, चित्रं काढायला नव्हे. जेवणं उरकली तरी पोरं धिंगाणा घालायची थांबेनात. मी शेगडीतला विझलेला कोळसा घेतला आणि मागच्या अंगणातल्या भिंतीवर एक बैल काढला. त्याला पंख लावले, शेपटीच्या गोंड्यात कंदील अडकवला. पोरं गप्प. मग चार पायांचा मासा काढला, तो डोक्यावर घागर घेऊन चाललेला. मला वाटलं, आता बाई मला हाकलतील. पण त्यांनी ती भिंत कुणाला पुसूच दिली नाही. त्यांचा भाऊ पुण्याला मुलांचा दिवाळी अंक काढतो. त्या म्हणाल्या, असंच एक कागदावर काढून द्या, मी त्याला पाठवते. मी दिलं, त्यांनी ते बिननावानेच धाडलं. पंधरा दिवसांपूर्वी त्याचं कार्ड बाईंकडे आलं: चित्र पसंत आहे, मुखपृष्ठावर घालतो, फक्त मोठ्या कागदावर नीट काढून जुलैअखेर पाठवावं.

दादा, मुखपृष्ठ! मला दोन दिवस भाकरी गोड लागेना.

चित्रात एक कासव आहे. त्याच्या पाठीवर अख्खं गाव बसलंय. देऊळ, पिंपळ, पार, वेशीपाशी भांडणाऱ्या बायका, सगळ्यांना घेऊन ते चाललंय. आपल्या कर्जतच्या गोठ्याच्या भिंतीवर मी गेरूने काढायचे आणि काकू मला बडवायची, तेच हे. तेव्हा त्याच्या पाठीवर फक्त आपलं घर होतं.

सोबतचं चित्र मोठ्या कागदावरचं आहे. पुण्याला धाडण्याआधी तू तपास. तू परीक्षा पास झालेला, ड्रॉइंग मास्तर. मी चौथी शिकलेली. माझा गुरू म्हणशील तर तूच. चुकलं असेल तिथं खूण कर.

आणखी एक. मामंजींनी अट घातली आहे, घराण्याचं नाव छापून यायचं नाही. "सुनंचं नाव काय बाजारात टांगायचंय व्हय?" म्हणाले. मग नाव कसं लिहायचं, तेही कळव.

तुझी,
मुक्ता

*

पाथर्डी,
दि. २ जुलै १९७२

चि. सौ. मुक्तास आशीर्वाद.

चित्र पोचलं. पोस्टमनने वाकवलेलं नाही, तेव्हा त्यात जे वाकडं आहे ते सगळं तुझंच आहे.

रागावू नकोस. तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर घरच्या माणसाचं कौतुक करून मोकळं होणं मलाही जमतं. देवळाचा कळस उजवीकडे झुकलाय, पिंपळ डावीकडे, आणि घरं तर बाजारच्या दिवशी गुत्त्यातून बाहेर पडल्यासारखी उभी आहेत. अगं, सगळ्या मागे जाणाऱ्या रेघा क्षितिजावर एका बिंदूत मिळाव्या लागतात. हे मी सातवीच्या पोरांना शिकवतो. सावल्या दोन्ही बाजूंना पडल्या आहेत, तुझ्या गावात दोन सूर्य आहेत का? कासवाचे पुढचे पाय बैलाचे आहेत. सोबत एक शास्त्रशुद्ध कासव काढून पाठवतो, ते समोर ठेवून काढ. दुरुस्त्या लाल शाईने केल्या आहेत. चित्रावरच केल्या, वह्या तपासायची सवय, हात थांबत नाही.

वर्गातही लावून बघितलं. पोरं हसली. ती लहान आहेत, तू मनावर घेऊ नकोस, पण तुला कळलेलं बरं.

आणि हुरळून जाऊ नकोस. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे, असं व्हायला नको. पुण्याच्या लोकांना खेड्यातलं काही दिसलं की चार दिवस नवल वाटतं. मी बारा वर्षं हाच धंदा करतोय, तीन परीक्षांची प्रमाणपत्रं भिंतीला लावली आहेत, माझ्याकडे कुणी मुखपृष्ठ मागायला आलं नाही. असो.

नावाचं सोपं आहे. परीक्षेत चित्राच्या पुढच्या बाजूला नाव लिहिलं की पेपर बाद होतो. नाव मागे, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहायचं. तू नुसतं मुक्ता लिही, घराण्याचा प्रश्न मिटला. प्रदर्शनाच्या चित्रांवर त्याखाली मार्गदर्शकाचं नाव लिहायची पद्धत आहे. तुला वाटलं तर लिही.

तुझ्या यजमानांना नमस्कार.

सहादेव

*

भिंगार,
दि. २४ जुलै १९७२

ती. दादास नमस्कार.

तुझ्या लाल रेघा रंगाखाली दडेनात, म्हणून नवा कागद आणून पहिल्यापासून काढलं. बारा दुपारी गेल्या. घरं पट्टीने आखली. कासवाचे पाय तुझ्या कासवाला बघून काढले. सावल्या सगळ्या एका बाजूला टाकल्या. काल पुण्याला पाठवलं.

एक सांगू? हे ऑफिसातून आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आदी ते चालत हुतं. आता उभं ऱ्हायलंय." मी चिडले. म्हटलं, तुम्हाला डेपोतल्या पेट्या मोजण्यापलीकडे काय कळतं, माझा दादा परीक्षा पास आहे. ते हातपाय धुवायला गेले. पण दादा, मलाही ते तसंच वाटलं होतं. पोरं हसली म्हणालास, ती कुठल्या जागी हसली ते कळव ना. देवळाला, का पायांना?

आता तू माझ्यासाठी एवढे कष्ट घेतलेस तर एक पाप कबूल करते. तुला नगरला परीक्षेला पाठवलं तेव्हा काकांनी तुला बारा वड्यांची रंगपेटी आणली होती. तिला मला कुणी हात लावू देत नव्हतं. तुझं पाणी बदलायला तेवढी मी. एका दुपारी मी त्यातली निळी वडी चाटून बघितली, मग निम्मी खाल्ली. आणि म्हसोबाला नवस केला, की दादा नापास होऊ दे, म्हणजे पेटी मला मिळेल. तू पास झालास. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, ते घसा धरला म्हणून नव्हे.

मागच्या कोपऱ्यात सांगितलंस तसं लिहिलंय. वर मुक्ता, खाली मार्गदर्शक श्री. सहादेव शेळके, ड्रॉइंग मास्तर, पाथर्डी. तुझं नाव जरा ठळक लिहिलं. मान तुझा आहे.

मेजरसाहेबांची बदली जबलपूरला झाली. बाई गेल्या. जाताना त्या भिंतीपाशी पोरांना उभं करून फोटो काढून घेतला.

मुक्ता

*

भिंगार,
दि. ३० ऑक्टोबर १९७२

ती. दादास नमस्कार.

अंक तुझ्याकडे आला का? माझ्याकडे काल आला. हे सायकलवरून नगरला जाऊन स्टँडवरच्या दुकानातून घेऊन आले. येताना अंक शर्टाच्या आत ठेवला होता.

दादा, त्यांनी पहिलं कासव छापलंय! बाईंनी पाठवलेलं ते लहान, वेडंवाकडं, बैलाच्या पायांचं. तुझं दुरुस्त केलेलं नाही. मला आनंद झाला आणि लगेच तुला काय वाटेल म्हणून भीती वाटली.

मग पान उलटलं. तिथं छापलंय: मुखपृष्ठ, श्री. सहादेव शेळके, पाथर्डी.

मी दोनदा वाचलं. मग यांना वाचायला दिलं, मला वाटलं माझंच वाचायला चुकलं. लहान चित्रामागे नावच नव्हतं, आणि मोठ्याच्या मागे पूर्ण नाव तुझं एकट्याचं होतं, तेच त्यांनी उचललं असणार. मामंजी खूश आहेत. म्हणाले, "बरं झालं, आपलं काय बी आलं न्हाई." मी हसले. भांडी घासताना हसू आलं नाही.

तू त्यांना एक कार्ड टाक. मी लिहिलं तर त्यांना वाटेल कुणी बाई भलताच दावा सांगते आहे. तू लिहिलंस की संपलं. पुढच्या अंकात एक ओळ दुरुस्ती छापतील तेवढी मला पुरे.

भाऊबीजेला ये. अनारसे केले आहेत.

मुक्ता

*

पाथर्डी,
दि. १२ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. मुक्तास आशीर्वाद.

भाऊबीजेला येता आलं नाही. ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी एस. टी. भरून वाहते आहे, पाय ठेवायला जागा नाही. खण पाठवला आहे, तो पोचला असेल.

तुझं पत्र यायच्या आतच इथे घोटाळा झाला. हेडमास्तरांनी कुठूनतरी अंक आणला आणि प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर दाखवला. मला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला. मी सांगणार होतो, पण टाळ्या थांबेपर्यंत घंटा झाली. आता जो तो रस्त्यात थांबवून विचारतो, मास्तर, हे कधी काढलंत? लोकांचं तोंड कुठे धरायचं. कार्ड टाकतो. सवडीने टाकतो, घाईत लिहिलं की उलटसुलट अर्थ निघतात.

त्यांनी दुरुस्त केलेलं चित्र का घेतलं नाही, हे मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. त्यात एक रेघ चूक नव्हती.

पुण्याहून दुसरं काही विशेष नाही.

तुझ्याकडे जुनी चित्रं असतील, चुरगळलेली, रद्दीत टाकलेली, तर पाठव. दहा-बारा चालतील. वर्गात दाखवायला होतील.

सहादेव

*

भिंगार,
दि. ३ डिसेंबर १९७२

ती. दादास,

भाऊबीजेला मी ताम्हणात निरांजन लावून दिवेलागणीपर्यंत बसले होते. शेवटी सासूबाईंनी चंद्राला ओवाळायला लावलं.

जबलपूरहून बाईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "माझा भाऊ पाथर्डीच्या शेळक्यांकडून दहा चित्रांचं पुस्तक करून घेतोय, ते तुमचे कुणी का? त्यांचंही कासवच आहे म्हणे. मग तुमच्या चित्राचं काय झालं?"

कुठलं पुस्तक, दादा?

मी बाईंना अजून उत्तर दिलेलं नाही. सगळं लिहिलं की त्या भावाला कळवतील आणि एका दिवसात निकाल लागेल. पण मग ते माझ्या तोंडून कळेल. ते तुझ्या हातून कळावं म्हणून थांबले आहे.

चित्रं पाठवत नाही.

मुक्ता

*

पाथर्डी,
दि. ८ जानेवारी १९७३

चि. मुक्ता,

सोबत एक पत्र आहे, ते आधी वाच. न वाचता हे वाचलंस तर तुला वाटेल मी फार चांगला माणूस आहे. तरी इथे उतरवून देतो, म्हणजे ते मला पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने लिहावं लागेल.

"श्री. शेळके यांस. आपली तीन चित्रं परत पाठवत आहे. रेखाटन निर्दोष आहे. परंतु मुखपृष्ठ ज्या हाताने काढलं तो हात हा नव्हे. जुलैत आलेलं मोठं कासव पाहूनही आम्हाला हेच वाटलं होतं, म्हणून ते बाजूला ठेवून पहिलंच छापलं. ते पहिलं कासव कुणी काढलं, हे कृपया कळवावं. पुस्तकाची दहा चित्रं आम्हाला त्यांच्याकडून हवी आहेत. मार्चच्या आत ठरलं नाही तर यंदा पुस्तक होणार नाही."

हे पत्र माझ्या टेबलाच्या खणात नऊ दिवस होतं. रोज काढून वाचायचो आणि परत ठेवायचो. बंबात टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मार्च गेला असता आणि तू भिंगारला पोळ्या लाटत राहिली असतीस. मला तेच हवं होतं. खरं तेच आहे.

पुस्तकाचं पहिलं पत्र दिवाळीच्या आधीच आलं होतं. मी लपवलं. डिसेंबर लागल्यापासून शाळा सुटल्यावर दार लावून बसलो. उडणारं गाढव काढायला घेतलं. मढीच्या जत्रेत गाढवांचा बाजार भरतो, हवी तेवढी गाढवं बघितली आहेत. गाढव हुबेहूब जमलं. पंख गिधाडाचे, पीस न् पीस बरोबर. आणि ते जागचं हललं नाही, मुक्ता. चौकटीत मेलेलं गाढव आणि वर चिकटवलेले पंख. तीन आठवड्यांत तीन चित्रं झाली, तिन्ही तशीच.

पोरं हसली नव्हती. तुझं चित्र वर्गात लावलं त्या दिवशी तास संपला तरी कुणी उठेना. रतनबाई आमच्या शाळेत पाणी भरतात, त्या कळशी घेऊन आत आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, ह्ये कासव गाव घेऊन कुठं चाललंय वो?" मी काही बोलायच्या आत पोरंच ओरडली, "पान्याकडं!" बाई म्हणाल्या, "मंग लई लांब जावं लागंल त्याला." वर्गात निम्मी जागा रिकामी होती, आईबाप पोरांना घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. मी घरी आलो आणि लाल शाईची दौत उघडली. आधी पायांवर रेघ मारली, कारण सगळ्यात जिवंत ते पाय होते.

तू निळी वडी खाल्लीस म्हणून माफी मागतेस. तू नवस केलास तेव्हा आठ वर्षांची होतीस. मी चाळिशीला टेकलोय. माझं ऐक. नगरच्या त्या परीक्षेत मनाने चित्र काढायचा पेपर होता. माझ्या मनात काहीच येईना. घड्याळ पुढे चाललेलं. मग मी गोठ्याच्या भिंतीवरचा तुझा चार पायांचा मासा काढला, घागरीसकट. त्याच पेपरात मला सर्वांत जास्त गुण पडले. म्हसोबाने तुझं ऐकलं नाही ते तुझ्याच माशामुळे. तेव्हापासून तुझं कोणतंही चित्र बघितलं की मी आधी त्यात चूक शोधतो. मी पट्टी लावून जे आयुष्यभर शोधलं ते तुला चूल सारवता सारवता मिळतं, याचा मला राग येतो. आजही येतोय. हे पत्र लिहून तो जाईल असं वाटलं होतं, तो गेलेला नाही.

पुण्याला कार्ड टाकलं. त्यात तुझं नाव, पत्ता आणि तुझी परवानगी न घेता तुझ्या नवऱ्याचं पूर्ण नावही लिहिलंय. हेडमास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "झालं ते झालं मास्तर, आता शाळेची शोभा नको." मग पोरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग तुमी काय काढलं हुतं?" मी म्हटलं, लाल रेघा.

शाल परत केलेली नाही. थंडी फार आहे.

जा, मुक्ता. मार्च दूर नाही.

सहादेव

*

भिंगार,
दि. १९ फेब्रुवारी १९७३

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते मी फाडलं. मग तुकडे जुळवून यांना वाचून दाखवलं. त्यानंतर महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमनलाही सोसलं नसतं. एक सांगते. मासा नेलास याचं मला काही वाटलं नाही, भिंत तशीही काकू सारवून टाकायची. पण पोरं हसली हे मी सहा महिने खरं धरलं. या सहा महिन्यांत मी एकही नवं चित्र काढलं नाही. ब्रश हातात घेतला की ती हसणारी पोरं दिसायची.

रविवारी आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. जायच्या आधी आठ दुपारी बसून चार नवी चित्रं काढली. पट्टी सासूबाईंना देऊन टाकली, त्या तिने पापड कापतात. संपादक साधे आहेत, चष्मा सारखा घसरतो. त्यांनी चित्रं जमिनीवर मांडली आणि स्वतः खाली बसले. उंटाएवढ्या खेकड्याच्या पाठीवर आठवडे बाजार भरलाय, ते चित्र त्यांनी उलटं फिरवून, आडवं धरून बघितलं. मग म्हणाले, अजून सहा काढा.

नाव पूर्ण छापणार आहेत. मामंजींना मी विचारलं नाही. हे म्हणाले, "छापा तुमी. आबांचं मी बघतो." अजून बघितलेलं नाही, घरात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

पुस्तकाच्या शेवटी चित्रकाराविषयी चार ओळी घालतात म्हणे. त्यासाठी संपादक कागद-पेन घेऊन बसले. जन्म कुठला, शाळा किती. मग विचारलं, "चित्रकला कुणाकडे शिकलात?"

दादा, तुझं नाव जिभेवर आलं होतं. एवढ्या वर्षांची सवय. कुणीही विचारलं की मी तेच सांगत आले, शेजारणींनाही तेच सांगितलं होतं. हे माझ्याकडे बघत होते. मी तुझ्याबद्दल नीट विचार केला. रागाने काही बोलायचं नव्हतं, राग तोवर बराच उतरला होता. तू मला काय काय दाखवलंस ते आठवायला लागले. आठवत राहिले. ते पेन धरून थांबले होते.

मी म्हटलं, "कुणाकडेच नाही."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. छापून आल्यावर तू वाचशीलच, तेव्हा धक्का बसू नये म्हणून आधी कळवते आहे. बोलून झाल्यावर मला तुझ्यासाठी वाईट वाटलं. पण आपण खोटं बोललो, असं वाटलं नाही.

मुक्ता